शेंदूर लावलेली मोटार

माझ्या सासूबाईंना मोटारीत बसायची भीती वाटायची. पण सकाळी मोटारीला भेटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. आंघोळ झाली, देव झाले, तुळशीला पाणी झालं की हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्या परसदारी निघायच्या. तिथे बैलांच्या कोठ्याला लागून एक पडवी होती आणि पडवीत लाकडी ठोकळ्यांवर एक काळी मोटार उभी होती. तिला चाकं नव्हती. ती काढून धानाच्या कोठीत ठेवली होती. सासूबाई ओल्या कुंकवात अंगठा बुडवायच्या, मोटारीच्या बॉनेटवर दाबून टिळा लावायच्या, त्यावर तांदळाचे दाणे चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "बस आता गुमान. मालक येऊन राहिला तुहा." मग चहा.

मी लग्न होऊन या घरात आले ती लढाईच्या धामधुमीत. आमगावहून बैलगाडीनं जायचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मी नागपूरच्या महालातली. पहिल्याच सकाळी सासूबाई मोटारीला टिळा लावताना पाहिल्या आणि मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई. तशी पद्धतच होती तिकडे. आत्याबाई बुटक्या, गव्हाळ, आवाज मात्र पार बांधीच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कोणी माझ्या कपाळावर ताप बघायला हात ठेवला तर मला आधी त्यांचा अंगठा आठवतो.

कारण त्यांचा सगळा कारभार अंगठ्यावर चालायचा. भात शिजला का, दाणा अंगठ्याखाली दाबून. धान वाळलं का, अंगठा. पोराचा ताप, गाईचा सड, लुगड्याचा पोत, सगळं अंगठा. मी उंबरा ओलांडून आत आले तेव्हा बाकीच्या बायका माझा चेहरा बघत होत्या आणि आत्याबाईंनी माझा तळवा उलटा करून त्यावर अंगठा फिरवला. "नरम आहे," त्या म्हणाल्या. "होईन घट्ट." मी रुसले होते त्यावर. पुढे विचारलं, तर म्हणाल्या, "डोये काहीही सांगतात वो सूनबाई. आंगठा खोटं नाही सांगत."

मोटार त्यांच्या धाकट्या भावाची, माधवरावांची. आत्याबाई त्यांना माधो म्हणायच्या आणि ते आत्याबाईंना बाई; मोठ्या बहिणीला तिकडे बाईच म्हणतात. आई लवकर गेली, म्हणून माधोला आत्याबाईंनीच वाढवलेलं. गोंदियाला त्यांचा दवाखाना होता. कुणाकडून तरी जुनी घेतलेली ही मोटार घेऊन ते रविवारी बहिणीकडे यायचे, आणि गावातली निम्मी माणसं मोटारीला हात लावायला जमायची. मग लढाई आली. डॉक्टर हवे होते, माधवराव फौजेत भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे गेले. जाण्याआधी मोटार इथे आणून उभी केली. तसंही पेट्रोल रेशनवर गेलं होतं. निघताना बहिणीला म्हणाले, "बाई, हे माहं एवढं सांभाळ. आलो की पहिले तुले बसवून डोंगरगडले नेतो, देवीच्या पायाशी."

"मी नाही बसत तुह्या डब्यात," आत्याबाई म्हणाल्या होत्या. "पण तू ये."

एवढंच बोलणं झालं दोघांचं. पण आत्याबाईंनी त्या दिवशी मनात एक गाठ मारून घेतली. ती त्यांनी पुढे एकदाच, आणि तेही माझ्याजवळ, सोडून दाखवली. मोटार जशीच्या तशी राहिली तर माधोही जसाच्या तसा राहील. बस. याच्यापुढे तुमचं गणित आणि भूगोल चालत नव्हता.

आता मोटार सांभाळायची म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. बैल कसा सांभाळायचा ते माहीत होतं. मग मोटार बैलासारखी सांभाळली गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो ना, म्हणून पळसाची पानं ऊन पाण्यात बुडवून शेकायचं आणि वरून हळद-तुपाचा हात फिरवायचा. मामाजी दोन्ही बैलांचं उरकून हात धुवायला निघाले, तर आत्याबाई पडवीच्या तोंडाशी उभ्या.

"हिचे खांदे कोण शेकीन?"

मामाजी बोलायला अत्यंत कंजूस माणूस. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "हिले खांदे कुठी आहेत?"

"हे काय मंग?" आत्याबाईंनी मोटारीच्या चाकांच्या जागेवरचे ते गोल बाक दाखवले, मडगार्ड. "सारा भार याच्यावरच येत असन ना?"

मामाजींनी गुपचूप पळसाची पानं उचलली. मडगार्ड शेकले, कोरड्या फडक्यानं पुसले, त्यावर हळद-तूप चोळलं. बैलांना म्हणतात तसं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं मोटारीलाही म्हणून झालं. मी तोंडाला पदर लावून आत पळाले आणि चुलीपुढे बसून पोट दुखेपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी मोटारीपुढे पुरणपोळी ठेवलेली होती. ती नंतर पांढऱ्या बैलानं खाल्ली, पण ते सोडा.

माधवरावांची पत्रं यायची. अधूनमधून, चुरगळलेली, आणि मधल्या ओळींवर सरकारी माणसानं काळी शाई फासलेली. कुठे आहे, काय दिसतं, ते सगळं काळं. माझे यजमान वाचून दाखवायचे आणि काळ्या ओळीशी येऊन थांबायचे. आत्याबाई त्या पट्टीवरून अंगठा फिरवायच्या, जणू खालचं लिहिलेलं हाताला लागेल. "काळं कायले फासतात मेले," त्या म्हणायच्या. "जिवंत माणसाच्या बोलण्यावर."

मग पत्रंच यायची बंद झाली. एक पावसाळा असा कोरडा गेला, म्हणजे बाहेर धो धो आणि टपालवाल्याच्या झोळीत आमच्यासाठी काही नाही. आत्याबाई बोलायच्या तेवढंच बोलत होत्या, पण मोटारीपाशी आता जास्त वेळ लागायचा. टिळे वाढले. आधी बॉनेटवर एक असायचा, आता दारांवर, टपावर, दिव्यांच्या मागे. वाळलेले तांदूळ त्या नखानं खरवडून काढायच्या आणि तिथेच नवे ओले चिकटवायच्या. मोटार अशी लाल ठिपक्यांनी भरली, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हिची वरात निघणार आहे.

दिवाळीच्या सफाईत मी ओलं फडकं घेऊन बॉनेट पुसायला गेले, तर पाठीमागून आवाज आला, "पुसू नोको. कुंकू आहे ते."

"आत्याबाई, जुनं कुंकू आहे, निघत नाहीये. नवं लावा की वर."

"निघत नाही तर पक्कं बसलं. तुले काऊन खुपून राहिलं?"

मी फडकं खाली ठेवलं. मला वाटलं, बसलं असेल पक्कं. आम्हा दोघींनाही ते कुंकूच वाटत होतं, आणि वाटणार नाही तर काय? रोज तिथेच लावलेलं, तसंच लाल, तसंच अंगठ्याएवढं.

डोळे उघडले ते सुतकात. मामाजींचे चुलतभाऊ वारले आणि घराला सुतक आलं. देव झाकले, पूजा बंद, कुंकवाचा करंडा फळीवर गेला. आत्याबाई पडवीकडे फिरकल्याही नाहीत. सुतक फिटलं तशी घरभर सारवण-धुणं झालं, भांडी घासली, आणि आत्याबाईंनी स्वतः बादलीभर पाण्यात गोमूत्र घालून मोटार धुवायला घेतली. मी कोठ्यात शेण भरत होते. बराच वेळ फडक्याचा आवाज आला आणि मग थांबला.

"सूनबाई, इकडं ये वो."

त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मी गेले. मोटार धुऊन निथळत होती आणि तरी ठिपके जागच्या जागी लाल.

"सुतकात तू तं नाही लावलं?"

"नाही हो."

"मी बी नाही लावलं. मंग हे लाल कायचं?" त्यांनी अंगठा ओला केला आणि बॉनेटवरच्या मधल्या ठिपक्यावर घासला. काळ्या रंगाचा एक पोपडा उचलून आला आणि खालून तांबडी भुकटी पडली. त्यांनी तो अंगठा माझ्यापुढे धरला. कुंकवाचा वास नव्हता. लोखंडाचा होता.

गंज होता तो. जिथे जिथे टिळा, तिथे तिथे गंज.

आत्याबाई बैलांच्या दावणीपाशी खाली बसल्या. "मीच लावला," म्हणाल्या. "रोज आपल्या हातानं लावला. त्याच्या भल्यासाठी लावून राहिली होती, आन् तेच खाऊन राहिलं त्याले." मोटारीला, म्हणायचं होतं मला, माधवरावांना नाही, मोटारीला. तेव्हाच आत्याबाईंनी ती मनातली गाठ मला सांगितली. मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. नुसत्या अंगठा लुगड्याला पुसत राहिल्या.

त्यानंतरचे काही दिवस फार वाईट गेले. आत्याबाई गप्प झाल्या. दिवसभर वाजणारं घर असं मुकं झालं, की मामाजींनी आपणहून दोन-चार वाक्यं बोलून पाहिली. जेवताना त्या भाताचा दाणा दाबून पाहायच्याही विसरल्या. माझे यजमान म्हणाले, "आई, लोखंडाले गंज लागतेच. रंगवून टाकू सारी." त्या म्हणाल्या, "वरून रंगवशीन, आतून खाईन ते." हे मात्र अगदी खरं होतं.

शेवटी यजमानांनी आमगावच्या भात गिरणीतल्या रहमान मिस्त्रींना दोन पायली चिन्नोर तांदळाच्या बोलीवर घरी आणलं. मिस्त्री पानाचा शौकीन आणि तोंडाचा फटकळ. त्यानं मोटारीला एक फेरी घातली आणि हसतच सुटला. "माताजी, आपने तो चावल चिपका-चिपकाके इसको साल भर पानी पिलाया है. ऊपर से नाखून. रंग छिल गया, लोहा खुला, जंग तो आएगाच."

मला त्याचा राग आला. आत्याबाईंना नाही आला. त्या म्हणाल्या, "ते समजलं गा. आता काय करू ते सांग."

मिस्त्री मडगार्डवरून हात फिरवत होता. "अजीब बात है. इधर कुछ नहीं हुआ. ये किसने किया?"

मडगार्डवर खरंच एक ठिपका नव्हता. दोन वर्षांच्या पोळ्याचं तूप मुरलेलं होतं तिथे. मामाजी दारात उभे होते. ते घसा खाकरून म्हणाले, "खांदे शेकले." मिस्त्रीला काही कळलं नाही. आत्याबाईंना कळलं. त्यांनी मामाजींकडे असं पाहिलं, की म्हातारा लाजून कोठ्यात गेला.

मिस्त्रीनं सांगितलेलं काम सोपं होतं, पण जिकिरीचं. पॉलिश कागदाचा छोटा तुकडा बोटाला गुंडाळायचा आणि फक्त ठिपक्यावर घासायचं, खाली पांढरं लोखंड चमकेपर्यंत. आजूबाजूचा चांगला रंग दुखवायचा नाही. मग घासलेटाच्या बोळ्यानं पुसायचं, उन्हात पार कोरडं होऊ द्यायचं, आणि लगेच, हवा लागायच्या आत, जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर पातळसा लावायचा. तो वाळला की त्यावर काळा रंग. शेंदूर म्हटल्यावर आत्याबाईंनी मान वर केली.

"कोणता शेंदूर? मारुतीचा?"

"वही. पुल को, इंजन को, सबको नीचे वही लगता है. जंग उसके आगे नहीं जाता." मिस्त्री निघताना म्हणाला, "दाग रहेगा, माताजी. मगर फैलेगा नहीं."

त्या दिवशी आत्याबाईंनी दुपारी पोटभर जेवण केलं. पुढचे दिवस आम्ही दोघी पडवीतच होतो. घासायचं त्यांनी, कारण लोखंड साफ झालं का ते अंगठ्यालाच कळणार. घासलेट मी. शेंदूर लावायला त्यांनी मिस्त्रीचा ब्रश घेतला नाही. कापसाची वात वळली, तेलशेंदरात बुडवली आणि एकेका ठिपक्यावर अशी अलगद फिरवली, जसं तान्ह्या पोराच्या डोळ्यात काजळाचं बोट. आता तांदूळ नाहीत, पाणी नाही. उरलेल्या अंगाला मडगार्डसारखा तेलाचा हात. काम करता करता त्या पुन्हा बोलायला लागल्या. माधो लहानपणी कसा माती खायचा, त्याला मारायला धावताना त्यांचंच डोकं दाराला कसं आपटलं, सगळं.

ठिपके वाळले तसा मी काळ्या रंगाचा डबा उघडायला घेतला. त्यांनी माझा हात धरला.

"काळं नाही लावायचं."

"आत्याबाई, मिस्त्री म्हणाला ना, नुसता शेंदूर उघडा ठेवला तर फार टिकणार नाही."

"टिकन तवरिक टिकन. त्याच्या चिठ्ठीवर काळं, त्याच्या गाडीवर बी काळं? माणूस बाहेर आहे माहं. तो घरी येईन, तवा लावीन."

"अहो, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतोच की आपण काळी."

"तीट एक लावतात. अंगभर नाही लावत." डबा कोठीत गेला, चाकांच्या शेजारी.

मोटार तशीच राहिली, काळी आणि अंगावर केशरी शेंदराचे ठिपके. गावात लोक येता-जाता नमस्कार करू लागले, त्याला आमचा इलाज नव्हता. आत्याबाई रोज सकाळी आता कोरडा अंगठा घेऊन जायच्या. प्रत्येक ठिपक्याच्या कडेवरून फिरवायच्या आणि परत येऊन चहा मागायच्या. मी विचारायची, "काय म्हणते?" त्या म्हणायच्या, "फैललं नाही." पत्राचं कोणी विचारत नव्हतं. दरेकशाच्या घाटात चढाला लागलेली आगगाडी वारा असला की आमच्याकडे ऐकू यायची, आणि तेवढा वेळ घरातलं बोलणं आपोआप थांबायचं.

असा एक उन्हाळा गेला, पाऊस गेला. लढाई संपल्याचं बाजारातून कळलं. काही घरांत माणसं परत आली, काहींत तार आली. आमच्याकडे दोन्ही नाही. शेंदराच्या कडा आता कुठेकुठे फिकट पडायला लागल्या होत्या आणि मला धास्ती वाटत होती, की पुढच्या पावसात हा काही धरत नाही. आत्याबाईंना ते माझ्या आधी कळलं असणार. त्यांच्या अंगठ्यापासून काय लपतं?

धान कापणीचे दिवस होते. भर दुपार, सगळे बांध्यांवर. मी आणि आत्याबाई पडवीत मोटारीला तेलाचा हात देत होतो. परसदाराची कडी वाजली आणि एक वाळलेला, उन्हानं रापलेला माणूस आत आला. खांद्यावर ट्रंक. स्टेशनवरून चालत आला होता, वाटेत एकही बैलगाडी रिकामी मिळाली नाही म्हणे. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि मोटारीकडे बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "माह्या गाडीले गोवर काऊन आला?"

आत्याबाईंच्या हातातलं फडकं पडलं. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्यांनी तेलकट हात लुगड्याला पुसले, पुढे गेल्या आणि भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला. गालावर, कानाखाली, मानेवर काळपट तांबडे वण होते. जंगलातल्या चिखलात जखमा चिघळतात, त्यांचे. आत्याबाईंनी अंगठा जिभेला लावला आणि गालावरच्या एका वणावर घासला. जोरात. माधवराव डोळे मिटून उभे राहिले. आत्याबाईंनी मग दुसरा वण घासला, तिसरा घासला.

"हे जात नाही का रे?"

"नाही जात, बाई." ते हसले. "पण फैलत नाही आता."

आत्याबाईंनी आणखी एकदा त्या वणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. खात्री केली. मग इतका मोठा श्वास सोडला, की इतक्या महिन्यांचा साठवलेला असावा.

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "सूनबाई, तो काळा डबा आण वो."

जेवणाआधी रंग लागला. भावाला दावणीपाशी बसवलं, हातात ताक दिलं, आणि त्याच्यासमोर वातीनं एकेक ठिपका काळा केला. डब्यातला काळा मोटारीच्या काळ्याशी काही जुळला नाही, उन्हात ठिपके वेगळे दिसायचेच. माधवरावांनी पुढे कधी पुरती मोटार रंगवून घेतली नाही. चाकं बसल्यावर त्यांनी बहिणीला डोंगरगडला नेलं, त्या जाताना आणि येताना दोन्ही वेळा डोळे गच्च मिटून बसल्या होत्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "चांगलं दिसते रस्त्यानं."

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला, आणि आत्याबाई सवयीनं हळदीकुंकवाचं ताट घेऊन परसदारी निघाल्या. किती दिवसांनी कुंकवाचा करंडा त्या तिकडे नेत होत्या. मी म्हणणार होते, आत्याबाई, पुन्हा नका. पण उंबऱ्यापाशी त्या स्वतःच थांबल्या. उलट्या फिरून ओसरीवर गेल्या. तिथे माधवराव घोंगडी पांघरून गाढ झोपले होते. आत्याबाईंनी कुंकू ओलं केलं, त्यांच्या कपाळावर अंगठा दाबून टिळा लावला, वर तांदूळ चिकटवले.

ते दचकून जागे झाले. "काय करून राहिली, बाई?"

"झोप गा गुमान," आत्याबाई म्हणाल्या. "तुले गंज नाही चढत."